पिकअपने दम सोडला, दिवा लागला: गावचा मिस्त्री, स्कॅनरवाला की शोरूम?

जलालखेड्याच्या पुढे एका साध्या चढावर गाडी दोन हजार आरपीएमच्या वर जाईना. मागे संत्र्याची कॅरेट, समोर इंजिनाचा पिवळा दिवा, आणि सकाळच्या लिलावाला नागपूरच्या कळमना बाजारात पोचायचं. चावी काढून पाच मिनिटं थांबलो, पुन्हा लावली. दोन किलोमीटर छान पळाली, मग परत तेच. क्लीनर म्हणे, "भाऊ, गाडी दमच नाही धरून राहिली."

त्या एका दोषासाठी मी पुढच्या चार दिवसांत तिघांकडे गेलो आणि वेगवेगळी उत्तरं घेऊन आलो. वरुड-मोर्शीकडे पिकअप चालवणाऱ्या कोणालाही हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, म्हणून कोण कुठे कामाचा ते लिहितो.

कोणाकडेही जाण्याआधी दिव्याचा रंग बघा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करायची. टोचन करून न्यायचे पैसे इंजिन बांधायच्या खर्चापुढे काहीच नाहीत. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे बहुधा अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. बॅटरी बरी असेल तर काही अंतर कापता येतं, पण तोच बेल्ट पाण्याचा पंप फिरवत असेल तर तेही नाही. पिवळा इंजिनाचा दिवा आणि सोबत दम गेला, तर ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, इंजिन वाचवायला स्वतःच रेस आवळलेली असते. गाडी हळू चालते, पण चालते. तुलना करायला वेळ मिळतो तो याच प्रकारात.

गावचा मिस्त्री. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या पंपाच्या गाडीला याच्यासारखा माणूस नाही, आणि नव्या गाडीलाही अर्धी कामं हाच करतो. फिल्टरमधलं पाणी हे त्याचं पहिलं निदान, आणि ते बऱ्याचदा खरं निघतं. पावसाळ्यात कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांनी तर आधी तेच बघावं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत डिझेल घ्या. पाणी खाली बसतं, डिझेल वर तरंगतं, मधली रेघ डोळ्यांना दिसते. एअर फिल्टरही त्याचाच विषय. हंगामात तुरीचं कुटार दोन-चार खेपा वाहिलं की फिल्टरची गादी होते, गाडी काळा धूर सोडते आणि ओढत नाही. गोठ्याजवळ उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेलीही त्यालाच आधी सापडते.

पण त्याच्या दोन सवयी मला चालत नाहीत. एक, कुठला सिलिंडर मेला ते बघायला चालू इंजिनावर इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या, पाइपाचा नट सैल करणं. जुन्या गाडीत ते खपून जायचं. नव्या गाडीतल्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने असतं, त्याची पिचकारी कातडी फोडून आत जाते. दुसरी, बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवणं. दिवा जातो, पण दोष कोणत्या वेगाला, किती तापमानाला आला ही ईसीयूने धरून ठेवलेली नोंदही बऱ्याच गाड्यांत पुसली जाते. मग पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात.

तालुक्याचा स्कॅनरवाला. काटोलच्या एकाने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला मशीन लावलं आणि कोड वाचला: पी०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब कमी. मग म्हणाला, "टर्बो गेला." इथेच फसगत होते. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. दाब कमी पडायला टर्बो हे एक कारण. फाटका होज, सैल क्लॅम्प, चोंदलेला एअर फिल्टर, घाण झालेला सेन्सर, तुटकी व्हॅक्यूमची नळी ही बाकीची, आणि सगळी स्वस्त. पी००८७ आला, म्हणजे रेलचा दाब कमी, तरी लगेच पंप बदलायला निघू नका, आधी डिझेल फिल्टर.

म्हणून स्कॅनरवाला निवडताना मी एकच विचारतो: "चालत्या गाडीचे आकडे दाखवता का?" जो शेजारी बसून चढावर टर्बोचा दाब आणि रेलचा दाब बघतो, तो खरा. जो कोड वाचून लगेच पार्टचं नाव सांगतो, त्याला वाचायचे पैसे द्या आणि निघा.

माझा दोष शेवटी एका दुसऱ्या मिस्त्रीने साबणाच्या पाण्याने पकडला. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाला खालच्या बाजूला बोटभर चीर होती. थंड, बंद गाडीत ओठ मिटल्यासारखी बंद. रेस दिली की उघडायची आणि फेस उडायचा. भोवती ऑइलचा काळा ओघळ होता, तो चार दिवस मीही बघत होतो. नवा पाइप, दोन क्लॅम्प, अर्धा तास.

शोरूम. आमच्याकडून नागपूर किंवा अमरावती, म्हणजे गाडीचा एक दिवस आणि त्या दिवसाचं भाडं बुडालं. मलाही तिथे पूर्ण टर्बोचाच अंदाज मिळाला होता. तरी वॉरंटी असेल तर दुसरीकडे पानासुद्धा लावू देऊ नका. इंजेक्टर बदलल्यावर त्याचा नंबर ईसीयूत भरणं, सॉफ्टवेअर, चावीची कुलूपबंदी (इमोबिलायझर), ही कामंही तिथलीच.

बीएस सहा गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, शोरूमचं महत्त्व आणखी वाढतं. बहुतेक डिझेल पिकअपमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरमधला फिल्टर, आहे. त्यातली काजळी जळायला धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. शेत ते गाव, गाव ते बाजार अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापतच नाही. नुसता डीपीएफचा दिवा लागला असेल तर हायवेवर वीस मिनिटं एका लयीत चालवून बघा. दिवा लुकलुकू लागला किंवा दम गेला की स्कॅनरनेच जाळावं लागतं. "डीपीएफ पोकळ करून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. ते बेकायदा आहे आणि वॉरंटीही जाते. डीईएफची, म्हणजे धूर साफ करायच्या युरियाच्या द्रावणाची, टाकी असेल तर एक सांगून ठेवतो, त्यातला युरिया म्हणजे शेतातली गोणी नव्हे. ते शुद्ध युरियाचं ३२.५ टक्के द्रावण असतं. गोणीतला युरिया विरघळवून ओतणारे पोट्टे आहेत, आणि त्यांचे डीईएफचे इंजेक्टर जाम होतात.

राहिला मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर. हजाराच्या आसपास मिळतो. निदान करत नाही, पण कोड पुसला जायच्या आधी फोटो काढून ठेवता येतो, आणि चालू गाडीचा व्होल्टेजही दिसतो. १३.८ ते १४.४ च्या आसपास हवा. बाराच्या घरात घुटमळत असेल तर पी०५६२ येतो आणि सेन्सरांचे भलतेच दिवेही लागतात. तेव्हा आधी अर्थची, म्हणजे बॅटरीपासून बॉडीला जाणारी, वायर घासून घट्ट करा.

माझा क्रम आता असा: वॉरंटीत असेल तर सरळ शोरूम. नसेल तर कोडचा फोटो, मग घरीच फिल्टर, पाइप, अर्थ. नाही जमलं तर आकडे दाखवणारा स्कॅनरवाला, आणि तो लेखी सांगेल तेव्हाच टर्बो किंवा पंप उतरवायचा. गावच्या मिस्त्रीला मात्र साबणाचं पाणी घेऊन आधीच बोलावतो.