रेणुका शहाणे आणि प्रसाद ओक: छोट्या पडद्यावरून दिग्दर्शनाकडे

‘सुरभि’तलं रेणुकाचं हसू आणि ‘अवघाचि संसार’मधला प्रसाद, दोघंही आपल्या घरात टीव्हीवरून आले. स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून सुरुवात दोघांनी साहित्यापासूनच केली. रेणुकाने आई शांता गोखले यांच्या कादंबरीवर ‘रीटा’ (2009) केला, तर प्रसादने जयवंत दळवींच्या लेखनावर ‘कच्चा लिंबू’ (2017).

पुढे मात्र वाटा फुटल्या. प्रसादने ‘हिरकणी’ (2019) आणि ‘चंद्रमुखी’ (2022) पाठोपाठ दिले. एक गडावरची गवळण, दुसरी लावणी कलावंत. भव्यतेचा सोस वाढत गेला. मला विचाराल तर त्याचं खरं बळ बहुतांशी कृष्णधवल, घुसमटलेल्या घरातल्या ‘कच्चा लिंबू’तच दिसतं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला, हे बरंच झालं.

रेणुकाने पुढच्या ‘त्रिभंग’साठी (2021) बारा वर्षं घेतली. पटकथाही तिचीच. आई कोमात, आणि काजोलची अनू दवाखान्यात शिव्या हासडतेय, तरी राग नेमका कुणावर, हे हळूहळूच उलगडतं. गर्दी खेचण्यात प्रसाद पुढे. पण आई-मुलीतलं अवघडलेपण पकडायचं तर रेणुकाच.