द बूनडॉक्स: अंकल रकसपाशी माझं हसू थांबलं

यंदाच्या पावसात भाचा माझ्याकडे गोव्यात पेडण्याला राहायला आला होता, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून 'द बूनडॉक्स' पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. चार सीझन, ५५ भाग. आधीच सांगते, कार्टून आहे म्हणून लहान पोरांपुढे लावू नका. शिव्या भरपूर आहेत, आणि काळ्या लोकांना हिणवणारा तो शब्द सतत कानावर पडतो.

अ‍ॅरन मॅकग्रूडरची ही मूळची वर्तमानपत्रातली चित्रमालिका. २००५ साली ती अमेरिकेत अ‍ॅडल्ट स्विम या मोठ्यांची कार्टून दाखवणाऱ्या टीव्ही वाहिनीवर आली. शिकागोतले आजोबा दोन नातवंडांना घेऊन वुडक्रेस्ट नावाच्या गोऱ्यांच्या श्रीमंत वस्तीत राहायला जातात. थोरला ह्युई दहा वर्षांचा, कपाळावर कायम आठी, डोक्यात क्रांती. धाकट्या रायलीला गुंडगिरीचं वेड. दोघांचेही आवाज एकट्या रेजिना किंगचे आहेत, हे भाच्याने सांगितल्यावर मी एक भाग परत लावून डोळे मिटून ऐकला.

पहिल्याच भागात ह्युईला स्वप्न पडतं: गोऱ्यांच्या मेजवानीत तो खरं काय ते बोलून टाकतो आणि तिथे दंगल उसळते. आजोबा त्याला उठवून दटावतात, गोऱ्यांना असं खरं सांगायचं नसतं. पुढे खरोखरच्या मेजवानीत तो तोंड उघडतो, तर लोक कौतुकाने टाळ्या वाजवतात. पोरगा बोलतो किती छान! काय बोलला ते कुणाच्याच कानात शिरत नाही. मला हे दंगलीपेक्षा भयंकर वाटलं.

पण मी ही मालिका विसरणार नाही ती अंकल रकसमुळे. हा माणूस स्वतः काळाकुट्ट आणि काळ्यांचा पक्का द्वेष्टा. आपण मुळात गोरेच, उलट्या कोडामुळे काळे पडलो, असं तो छातीठोकपणे सांगतो. भाचा हसून हसून लोळत होता. मला मात्र आईची वाटी आठवली. सायीत हळद कालवून ती रोज संध्याकाळी माझ्या हातापायांना चोळायची, कोपरं लाल होईपर्यंत, आणि म्हणायची, ''जरा उजळलीस तर बरं गो.'' तिचा रंग माझ्यासारखाच. तिलाही तिच्या आईने असंच चोळलं असणार. मी मालिका थांबवून भाच्याला हे सगळं सांगितलं. मग २०१३ सालचंही सांगितलं. पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि त्यानंतर आमच्या बसमध्ये, बाजारात काळ्या माणसांबद्दल लोक काय काय बोलले. तेव्हा मी गप्प बसून ऐकलं होतं, याची मला अजून लाज वाटते.

मार्टिन ल्यूथर किंग १९६८ साली मेलेच नाहीत, कोमातून २००० साली उठले, असं मानून केलेल्या भागाला पीबडी पुरस्कार मिळाला. किंग मतदानाला जातात तर त्यांना परत पाठवतात. ११ सप्टेंबरनंतर ते शत्रूवर प्रेम करा म्हणतात तर देशद्रोही ठरतात. शेवटी ते आपल्याच लोकांना सुनावतात, अगदी त्याच हिणवणाऱ्या शब्दात. या भागावर काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे नेते अल शार्प्टन यांनी माफीची मागणी केली होती. त्यांचा राग मला कळतो, तरी तो भाग हवाच होता. आमच्याकडे दशावतारात काळा बुरखा घातलेला, तांबडी जीभ लोंबवणारा संकासुर येतो आणि समोर बसलेल्या गावकऱ्यांचीच खिल्ली उडवतो. परक्याने तेच म्हटलं तर गाव उठेल.

चौथा सीझन मॅकग्रूडरशिवाय झालाय, तो सोडलात तरी चालेल. बायकांची पात्रं सगळीकडेच पातळ आहेत, मला ते खटकलं. बाकी तीन सीझन जरूर बघा, इंग्रजी सबटायटल लावून, कारण बोलणं फार भरभर आहे.

भाचा परत जाताना आईच्या फोटोपुढे थोडा वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, ''मावशे, आजी दिसायला सुंदर होती गो.''