रॉकेलचा की गॅसचा? ज्योतीवर चालणारा जुना फ्रिज घेताना

ज्योतीवर चालणारा जुना फ्रिज घ्यायचं तुमचं ठरलंय असं धरून चालतो. तो का घ्यावा, हे ज्याला कळायचं त्याला आधीच कळलेलं असतं. माझ्याकडे दोन्ही प्रकार होते. रॉकेलचा चार वर्षं वापरला, गॅसचा अजून चालू आहे. त्यामुळे माझं माप कुठं झुकतं ते लपणार नाही, पण रॉकेलवाल्याची बाजूही मांडतो.

आतली यंत्रणा दोघांची एकच. स्टॉकहोमला शिकणाऱ्या बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ती शोधली आणि १९२५ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने ती घेतली. सीलबंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली आच लावली की वर गारवा. हलणारा भाग एकही नाही. म्हणून ‘जास्त थंड कोणता’ या वादात मी पडत नाही. आच सारखी लागली तर दोन्ही सारखेच थंड होतात, आणि कडक उन्हाळ्यात दोन्ही सारखेच रडतात. खरा फरक आच सांभाळायला किती राबावं लागतं यात आहे.

रॉकेलच्या फ्रिजचं मला आवडायचं ते हे, की इंधन डोळ्यांसमोर असतं. टाकीत किती उरलंय ते दिसतं. माझ्या फ्रिजला दिवसाला साधारण पाऊण ते एक लिटर लागायचं, तेव्हा पुढचा हिशोब तोंडी करता यायचा. गॅस मात्र मध्यरात्री न सांगता संपतो आणि सकाळी दार उघडल्यावर कळतं. वास म्हणाल तर ज्योत निळी असेपर्यंत रॉकेलचा वास फारसा येत नाही. विझवताना येतो, आणि तो बराच वेळ रेंगाळतो.

पण वात! वात भाजून एका बाजूला जराशी उंच राहिली की त्या बाजूला पिवळी जीभ निघते. पिवळी ज्योत म्हणजे काजळी. ती धुराड्यात आणि आत टांगलेल्या पिळाच्या पट्टीवर बसते, मग आच नळीला लागतच नाही. फ्रिज खालून तापलेला आणि आतून कोमट. हेही मी सोसलं असतं. आठवड्यातून एकदा वात साफ करायची, पट्टी काढून झटकायची, हात काळे करायचे, इतकंच. मला कंटाळा आणला तो वेगळ्याच गोष्टीने. पेटवल्यावर ज्योत तुम्ही अगदी बरोबर लावता, आणि बर्नर तापला की ती आपोआप चढते. अर्ध्या तासाने परत जमिनीवर आडवं व्हायचं, हातातला आरसा खाली सरकवायचा, त्यात ज्योत बघायची, वात एक केसभर खाली घ्यायची. केसभर जास्त घेतली तर फ्रिज गार होत नाही. कमी घेतली तर सकाळी धुराडं काळं. प्रत्येक वेळी टाकी भरली की हा आरसा-सोहळा पुन्हा. रात्री दहाला टाकी भरली तर साडेदहापर्यंत झोप नाही. चार वर्षांत एकदाही मला ती ज्योत पहिल्या फटक्यात जमली नाही. कुणाचा हात माझ्यापेक्षा हलका असेल, ते वेगळं सांगतील.

शिवाय माझ्या रॉकेलच्या फ्रिजला थर्मोस्टॅट नव्हता. पहाटे गारठा पडला की आतलं सगळं गोठायचं, दुपारी तेच घामेजायचं. गॅसच्या फ्रिजमधला थर्मोस्टॅट आच स्वतः कमीजास्त करतो. हे सुख लहान वाटतं, पण रोजचं आहे.

गॅसचेही हट्ट आहेत. धुराड्यातला गंज गळून बर्नरवर पडतो आणि ज्योत नारिंगी होते. बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, का कुणास ठाऊक, त्यांना तीच जागा आवडते. माझ्याकडे वर्षातून दोनदा ब्रश फिरवला की भागतं. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक, कुठल्या गॅसचा आहे ते मात्र आधी तपासा. नळाच्या गॅससाठीचा जेट सिलिंडरच्या गॅसला मोठा पडतो, आणि मोठा पडला की धूर आणि विष दोन्ही. ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी सोय नसलेला जुना नमुना मी तरी घेणार नाही.

विषाचं गंमत म्हणून लिहिलेलं नाही. सर्व्हेल कंपनीचे १९३३ ते १९५७ मधले गॅसचे फ्रिज वापरू नका, असं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितलं, कारण त्यांतल्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली होती. बर्नर बिघडला की तो वायू बंद खोलीत साठतो, आणि त्याला वास नसतो. दोन्ही प्रकारांना हवा खेळती हवी. झोपायच्या खोलीत दोन्ही नकोत.

बघायला जाल तेव्हा पाणसळ बरोबर न्या. फ्रिज कलला असेल तर चांगलं यंत्रही थंड होत नाही, आणि विकणारा बिचारा उगाच खोटा ठरतो. मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा भपकारा असेल तर तिथून निघा. आतल्या गंजरोधकाचा तो पिवळा डाग विषारी असतो, हात लावू नका. नळ्यांत दाब असतो, म्हणून कुणी ‘झाळून देतो’ म्हणालं तरी ऐकू नका. उलटा करून ठेवला की चालू होतो, हे अधूनमधून खरं निघतं. माझ्या गॅसच्या फ्रिजला एक रात्र उलटं ठेवून, मग दिवसभर सरळ उभा ठेवून जाग आली होती. गळक्या फ्रिजला त्याने काहीच होत नाही.

सिलिंडर तुमच्यापर्यंत पोचतच नसेल तर प्रश्नच मिटला, रॉकेलचा घ्या. फक्त त्या बर्नरच्या मापाची वात अजून मिळते का ते फ्रिजआधी शोधा, आणि मिळाल्या तर चार घेऊन ठेवा. आरसा हात-दीड हात दांड्याचा असू द्या. माझा लहान होता.