सापाचा हुक आणि चिमटा सेट: हुक घ्या, चिमटा वेगळा बघा

मुलगा शिकायला पुण्याला गेला अन् त्याचा बॉल पायथन, म्हणजे बिनविषारी लहान अजगर, माझ्या गळ्यात पडला. आफ्रिकेतला आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला. आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा शेतातल्या धामणीसाठी कोणी हा सेट मागवू नका.

टाकीचं झाकण सरकवलं की हा मान आखडून झडपच घालायचा. मुलगा फोनवर म्हणे, "आई, तो चिडला नाही, त्याला वाटते जेवण आलं." पटलं बाप्पा. मी झाकण उघडायची तेच उंदीर घेऊन, तर तो तरी काय समजेल? त्यात याच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. उंदराचा वास लागलेला गरम हात म्हणजे त्याच्यासाठी उंदीरच.

म्हणून हा हुक. उचलायला नाही, सांगायला. हात घालण्याआधी हुकाच्या गोल टोकानं अंगावर हळूच स्पर्श करायचा, म्हणजे आज जेवण नाही हे त्याला कळते. मग बाजूनं हात नेऊन मधल्या अंगाला आधार देत उचलायचं, डोक्यावरून कधीच नाही. काही आठवड्यांत झडपा थांबल्या. हुकाचं स्टील गुळगुळीत आहे, पण घडीचा दांडा मोठ्या सापाच्या वजनानं वाकतो. जड साप असेल तर सलग दांड्याचा घ्या.

गुंडाळी करून डोकं आत लपवलं असेल तर तो भ्यालेला असतो, तिथं हुक बिक काही कामाचं नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले असतील तेव्हाही राहू द्या त्याला.

उंदीर धरून सापापुढं करायच्या चिमट्याबद्दल मात्र तक्रार आहे. लांबी जेमतेम फूटभर, झडप आली की बोटं जवळच. टोकाचं रबर पहिल्या महिन्यातच सैल झालं. ते उंदरासोबत पोटात गेलं तर? अन् रबर काढावं तर उघड्या धातूवर तोंड आपटून इजा होते. विक्रेत्यानं बदलून देतो म्हटलं, दिलं नाही. आता मी दीड फुटी लाकडी चिमटा वापरते.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नाही, अन् मे महिन्यात ओट्यावर तर नाहीच. आपल्याकडं पारा ४५ ला टेकला की तो तासाभरात वास मारते. उंदीर सापाच्या सर्वात जाड भागाएवढा, त्याहून मोठा नको. खाऊ घातल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाही तर ओकून टाकतो. साप किंवा उंदीर हाताळण्याआधी अन् नंतर हात मात्र साबणानं धुवा.

सेट मला ८९९ ला पडला. हुकाला चार तारे, चिमट्याला एक. नुसता हुक मिळत असेल तर तोच मागवा.