जुना हात टिकवायचा तर कंत्राट बरं की हलकी पाळी?

हात बसलेला माणूस निवृत्तीला आला की दोनच वाटा दिसतात: निरोप देऊन कंत्राटावर परत बोलवायचं, किंवा पटावर ठेवूनच काम हलकं करायचं. माझ्या खात्यात दोन फिटरांच्या बाबतीत मी दोन्ही करून पाहिलं.

कंत्राट सोपं, हे मान्य. वरची जागा मोकळी होते, बढतीची वाट पाहणारे खूश होतात. जपानमध्ये 2006 पासून लागू झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीने कंपन्यांपुढे तीन पर्याय ठेवले: निवृत्तीचं वय वाढवा, ते काढूनच टाका किंवा माणसाला पुन्हा कामावर घ्या. बहुतेकांनी तिसराच धरला.

मला मात्र गेटपासने कंटाळा आणला. तीस वर्षं त्याच गेटातून आलेला माणूस, आणि पास दर तीन महिन्यांनी संपायचा. एकदा सकाळी प्रेस बंद पडली. फोन करताच तो आला आणि तासभर गेटवर उभा राहिला, कारण नव्या पासवर सही व्हायची होती. आत आला तर पॅनेलचा पासवर्डही बंद. मग तो मागे उभं राहून सांगतोय आणि शिकाऊ मुलगा बटणं दाबतोय. तो काही बोलला नाही. पुढचा पास संपला तेव्हा परत आलाच नाही.

दुसऱ्याला पटावरच ठेवलं. आठवड्याला चार दिवस, रात्रपाळी नाही, बसून काम करता येईल असं उंच स्टूल, सोबतीला तोच शिकाऊ मुलगा. पाळ्या जुळवताना माझी दमछाक होते आणि ‘त्यांनाच सवलत का?’ हेही ऐकावं लागतं. पण बीएमडब्ल्यूने 2007 मध्ये जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात, एका लाइनवर वयाने मोठ्या कामगारांचा विचार करून असेच 70 बारीक बदल केले, बरेचसे कामगारांनीच सुचवलेले: लाकडी फरशी, खुर्च्या, भिंगं. वर्षभरात उत्पादकता 7 टक्के वाढली.

वर्षातून चार-सहा दिवसच सल्ला हवा असेल तर कंत्राट पुरे, असं मला वाटतं. रोज हात लागणार असेल तर पटावरच ठेवा. फक्त पेन्शन शेवटच्या पगारावर ठरत असेल, तर तास कमी केल्याने ती घटणार नाही ना, हे आधी लेखी विचारून घ्या. आणि ही बोलणी निरोपाच्या महिन्यात नकोत. तोवर माणसाने मनातून काम सोडलेलं असतं.