लंडनमध्ये झोन ४ ला राहून कॉलेज केलं : ऑयस्टर, रेलकार्ड आणि १८ नंबरच्या बसचा अनुभव

सप्टेंबरात मास्टर्सला आले, आता जून चाललाय. थंडी, डेडलाइन्स, दुपारी चारलाच पडणारा डिसेंबरातला अंधार सगळं बघून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. यावर्षी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, घर कुठे घेऊ, आणि सगळे मॅपवर कॉलेजपासूनचं अंतर मोजत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की अंतर बघू नका, लाइन बघा.

माझं कॉलेज ब्लूम्सबरीत म्हणजे झोन १, आणि रूम वेम्बलीला, झोन ४ (झोन म्हणजे शहराच्या मध्यापासून बाहेर मोजलेले भाड्याचे पट्टे). ऐकूनच लोक म्हणतात अगं केवढं लांब! पण वेम्बली पार्कला मेट्रोपॉलिटन लाइन पकडली की पुढचा स्टॉप थेट फिंचली रोड, मग बेकर स्ट्रीट, ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट आणि युस्टन स्क्वेअरला उतरायचं, गाडी बदलायची भानगडच नाही. ज्युबिली लाइनपण तिथूनच जाते पण ती मधली सगळी स्टेशनं घेत जाते आणि तिला एसी नाही, मेट्रोपॉलिटनला आहे, हा फरक मे महिन्यात चांगलाच कळतो. माझ्या वर्गातली एक मैत्रीण झोन २ मध्ये राहते, तिचं अंतर कमी पण दोनदा गाडी बदलावी लागते आणि भाडं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

आता कार्डाचं. ऑयस्टर म्हणजे पैसे भरून टॅप करायचं इथलं प्रवासाचं कार्ड. इथे आल्याआल्या सगळे सीनियर सांगतात की स्टुडंट ऑयस्टर काढ, ३० टक्के सूट आहे. सूट आहे हे खरं, पण ती ट्रॅव्हलकार्ड (ठरावीक मुदतीचा प्रवासाचा पास) आणि बस पासवर, प्रत्येक सिंगल प्रवासावर नाही. मास्टर्सला लेक्चर्स आठवड्यातले दोन-तीन दिवसच असतात मग महिन्याचा पास काढून करायचं काय? त्यापेक्षा १६-२५ रेलकार्ड, म्हणजे तरुणांचं रेल्वे सवलतीचं कार्ड, घ्या (मी घेतलं तेव्हा वर्षाचे ३५ पौंड), ट्यूब म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनवरच्या स्टाफला फोनवर दाखवा आणि साध्या ऑयस्टरला लिंक करून घ्या. ऑफ-पीकला (गर्दीच्या वेळा सोडून) ट्यूब-ट्रेनच्या भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, दिवसाची कॅपसुद्धा, म्हणजे दिवसभरात जास्तीत जास्त कापली जाणारी रक्कम, तेवढी खाली येते. वय २५ च्या वर असेल तरी फुल-टाइम स्टुडंट असाल तर मिळतं. फक्त एक लक्षात ठेवा, हे बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाला लिंक होत नाही, त्यामुळे फोन टॅप करून जायची सवय लागली की सूट गेली.

पीक म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९:३० आणि संध्याकाळी ४ ते ७. भाडं कुठल्या वेळी टॅप केलं त्यावर ठरतं, म्हणून सकाळी गेटजवळ घड्याळाकडे बघत उभी असलेली मुलं दिसतील, ९:३० झाले की पटापट आत. संध्याकाळी मी सातपर्यंत लायब्ररीत बसते आणि खरं सांगू, माझा निम्मा अभ्यास त्या पीकमुळे झालाय.

पण मला हे शहर कळलं ते बसमुळे, आणि त्यातही १८ नंबरमुळे. सडबरीहून निघते, वेम्बली, हार्लेस्डन, हॅरो रोड करत युस्टनला येते, तासाच्या वर लागतो. पुण्यात कॉलेजला पीएमपीएमएलनेच जायचे त्यामुळे बसमध्ये वेळ जातो याचं मला काही वाटत नाही. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली की समोरच्या काचेतून अख्खा रस्ता दिसतो, कुठे सोमाली कॅफे, कुठे ब्राझिलियन बेकरी, कुठे पोलिश दुकान, सगळं नुसतं बघत जायचं. भाडं मी आले तेव्हा १.७५ पौंड होतं आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात पुढच्या कितीही बस फुकट. रोख चालत नाही, उतरताना टॅप करायचं नाही. रात्री याच हॅरो रोड-वेम्बली रस्त्यावर N18 असते, उशीर झाला तरी घरी पोचायची काळजी राहत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या मुलीसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे ते आईला विचारा.

वेम्बलीचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे ईलिंग रोड. मेथी, दुधी, ओला नारळ सगळं मिळतं, गुजराती काकू भाजी निवडताना आपण मराठीत बोललं तरी हसून उत्तर देतात. गणपतीत डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जायचं तर ज्युबिलीने दोनच स्टेशनं, १९३२ पासूनची संस्था आहे, पहिल्या महिन्यातच जाऊन या, तिथे ओळखी झाल्या आणि माझं रडणं थांबलं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घरपण चॉक फार्म स्टेशनपासून चालत आहे. ते इथे शिकत असताना राहिलेलं घर, आपण शिकायला आलोय तर ते बघितल्याशिवाय परत जाऊ नका.

तक्रारी आहेत. स्टेडियममध्ये मॅच किंवा कॉन्सर्ट असली की ९०,००० लोक उतरतात, त्या दिवशी वेम्बली पार्क स्टेशनचं नाव काढायचं नाही. स्टेडियमचं कॅलेंडर फोनमध्ये टाकून ठेवलंय. त्या दिवशी मी वेम्बली सेंट्रलहून बेकरलू लाइन घेते, तिथेही गर्दी असतेच पण निदान हलता येतं. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी लाइन बंद ठेवतात, निघायच्या आधी ॲप बघाच. आणि रूम बघताना एका घरमालकाने दोन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं होतं, इथल्या कायद्याने आपल्यासारख्यांच्या रूमला ५ आठवड्यांच्या भाड्याच्या वर घेता येत नाही, तसं त्याला सांगितलं आणि दुसरी रूम घेतली.

रोज सकाळी नऊचं लेक्चर असेल, लॅब असेल, तर मात्र हे गणित जमणार नाही, पीकमध्ये रेलकार्ड काही कामाचं नाही, तुम्ही ट्रॅव्हलकार्डच बघा किंवा जवळ रहा. बाकीच्यांनी ॲडमिशनचं लेटर आलं की आधी टाइमटेबल मागवा, मग रूम शोधा. कॉलेजचं नाव आणि बजेट खाली लिहा, कुठली लाइन बरी पडेल ते सांगते.