इथिफॅलिक की ऊर्ध्वलिंग?

बडोद्यापासून कारवण जेमतेम तीसेक किलोमीटर. पाशुपत या शैव पंथाचा गुरू लकुलीश, त्याचं हे स्थान. तिथे जाऊन आलं आणि लकुलीशावर मराठीत चार ओळी लिहायला बसलं, की एका शब्दापाशी हात थांबतो. लकुलीशाच्या मूर्तीची लक्षणं ठरलेली: पद्मासन, उजव्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच), डाव्या हातात दंड आणि वर उठलेलं लिंग. या शेवटच्या लक्षणाला मूर्तिशास्त्राची इंग्रजी पुस्तकं ‘इथिफॅलिक’ म्हणतात. आपल्याकडे ‘ऊर्ध्वलिंग’ आहे. मी दोन्ही वापरून पाहिले.

‘इथिफॅलिक’ मूळचा ग्रीक. ‘इथिस’ म्हणजे ताठ, सरळ. ‘फॅलॉस’ म्हणजे पुरुषाचं इंद्रिय. डायोनिसस या मद्याच्या देवाच्या उत्सवात फॅलॉसची प्रतिमा मिरवत, गाणी म्हणत. त्या गाण्यांना आणि त्यांच्या वृत्तालाही पुढे हेच नाव पडलं. शब्द सोयीचा आहे हे नाकारत नाही. इजिप्तचा मिन देव, ग्रीकांचे हर्मीसचे स्तंभ आणि आपला लकुलीश, सगळ्यांना तो चालतो. तुलनेचा प्रबंध लिहायचा असेल तर बहुधा तोच बरा.

मला मात्र एका गोष्टीचा फार त्रास झाला. बडोद्याच्या दांडिया बाजारात घरच्या मंडळींना टिपण वाचून दाखवताना दर वेळी तोच प्रश्न: “म्हणजे काय हो?” फोड करून सांगायला जावं तर डायोनिसस येतो, मद्य येतं, मिरवणूक येते आणि पाशुपतांचा गुरू बाजूलाच राहतो. ज्याची सगळी साधना संयमाची, त्याची ओळख मद्याच्या देवाच्या उत्सवातून का करून द्यायची? ‘ऊर्ध्वलिंग’ म्हटलं तेव्हा आत्याबाईंनाही अवघडल्यासारखं झालं नाही. लिंग हा त्यांच्या रोजच्या पूजेतला शब्द. शिवाय लिंग म्हणजे मुळात खूण. धूर हे अग्नीचं लिंग, असं न्यायशास्त्रात म्हणतात. ‘फॅलॉस’ला हा पैस नाही.

काहीजण सभ्य पर्याय म्हणून ‘ऊर्ध्वरेता’ लिहितात. ज्याचं रेत खाली न जाता वर चढलं तो. अर्थ सुंदर आहे, पण तो साधकाची अवस्था सांगतो, दगडात काय कोरलंय ते नाही. आजन्म ब्रह्मचारी भीष्मही ऊर्ध्वरेताच. महाभारतातल्या शिवसहस्रनामात तर ‘ऊर्ध्वरेता ऊर्ध्वलिङ्ग’ अशी दोन्ही नावं लागोपाठ येतात. एकानं काम भागत असतं तर दुसरं कशाला घेतलं असतं? शिल्पग्रंथात लकुलीशासाठी ‘ऊर्ध्वमेढ्र’ही आहे. मेढ्र म्हणजेही पुरुषाचं इंद्रियच. नेमका शब्द, पण मेढ्र आज कुणाला कळणार?

तेव्हा माझ्यापुरतं मी असं करतो: मूर्तीचं वर्णन करताना ऊर्ध्वलिंग, तिचा भाव उलगडताना ऊर्ध्वरेता. इंग्रजी पुस्तकांत पुढे शोध घेणाऱ्यासाठी इथिफॅलिक एकदाच, तळटीपेत.